बिब्ब्याचं झाड लावावं का? आणि लावलं तर कुठे?

कुणाच्या ठरलेल्या कामात मोडता घातला की 'बिब्बा घातला' म्हणतात. दुकानाच्या दारात लिंबू-मिरचीसोबत ओवलेला काळा बिब्बाही आपण पाहिलेला असतो. झाड मात्र फार थोड्यांना ओळखता येतं.

वाशिम जिल्ह्यात ही ओळख पोटापाण्याची आहे. इथे अनेक घरांत बायका एकेक बिब्बा फोडून आतली गोडंबी काढतात. हिवाळ्यातल्या लाडवात पडते ती हीच. बिब्ब्याच्या टरफलात काळं, जहाल तेल असतं. ते लागलं की कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. याला बिब्बा 'उतणं' म्हणतात. लाडू खाणाऱ्याला ते हात दिसत नाहीत.

बिब्बा हा आंबा आणि काजूच्या कुळातला. फळही काजूसारखंच: वर काळं बी, खाली मऊ, नारिंगी बोंड. टरफलातलं तेल इतकं पक्कं की धोबी त्यानेच कपड्यांवर खुणा करत. काहींना नुसत्या स्पर्शानेही त्रास होतो, आणि तो कधी कधी एक-दोन दिवसांनी दिसतो.

मग असं झाड लावायचं कशाला? कारण ते विदर्भाच्या पानझडी जंगलातलं, इथल्या उन्हाला सरावलेलं झाड आहे. बारीक हिरवट फुलांवर मधमाश्या येतात, पिकलेली बोंडं पक्षी आणि माकडं खातात. पाखरांसाठी बाग करायची तर शोभेच्या विदेशी झुडपांपेक्षा हे केव्हाही बरं.

पण जागा अंगणात नाही, शेताच्या बांधावर, तीही मुलांच्या वाटेपासून दूर. अंगणासाठी याच कुळातली चारोळी घ्या. तिची गोड फळं उन्हाळ्यात पिकतात आणि पाखरांनाही आवडतात.

बिब्ब्याचं बी ताजंच पेरावं, पावसाळ्याच्या तोंडावर, खोल पिशवीत आणि हातमोजे घालून. एकच रोप लावू नका. नर आणि मादी झाडं बहुधा वेगळी असतात, त्यामुळे एकट्या झाडाला फळ धरेलच असं नाही. चार-पाच तरी लावा.

तेल लागलंच तर लगेच साबण-पाण्याने धुवा. फोड आले तर डॉक्टरांना दाखवा. छाटलेल्या फांद्या शेकोटीत घालू नका. बिब्ब्याचा धूरही उततो.