बिऱ्हाड मोटारीमागे

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं अमेरिकन माणसाचं मोटारीमागे! मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तिथे 'मेमोरियल डे' येतो आणि सहलींचा मोसम सुरू होतो. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी 'लेबर डे' उजाडेपर्यंत तिथल्या हमरस्त्यांवर मोटारींना जोडलेली पांढरी, चाकांवरची घरं रांगेनं जाताना दिसतात.

आपल्याकडे ट्रेलर म्हटलं की डोळ्यांपुढे ट्रॅक्टरमागची उसाची ट्रॉली येते. हा ट्रेलर वेगळा. वीस-बावीस फूट लांबीची एक खोलीच ती. तिच्यात पलंग, ओटा, गॅसची शेगडी, फ्रिज आणि कोपऱ्यात संडास-बाथरूम. स्वत:चं इंजिन मात्र नाही. ही हौस जुनी आहे. 'टिन कॅन टूरिस्ट्स' हा अशा भटक्यांचा संघ फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे १९१९ साली स्थापन झाला, तर एअरस्ट्रीम कंपनीचा चकचकीत ॲल्युमिनियमचा 'क्लिपर' १९३६ साली रस्त्यावर आला.

कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी घरांमध्ये हे वेड शिरण्याचं एक कारण अगदी घरगुती आहे. उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून, नागपूरहून आई-वडील चार-सहा महिन्यांसाठी येतात. मुलांना जंगलात राहायचं असतं. पण सत्तरीच्या आजोबांना तंबूत जमिनीवर झोपवायचं कसं? आजींना रात्री दोनदा उठावं लागतं. त्यांनी काळोखात टॉर्च घेऊन सार्वजनिक संडास शोधत जायचं? ट्रेलर आला की हा प्रश्न सुटतो. तीन पिढ्या एकत्र जाऊ शकतात. आणि नेमकी इथेच एक अडचण उभी राहते. तिची कल्पना ट्रेलर भाड्यानं घेऊन येईपर्यंत बहुतेकांना नसते. ही अडचण असते वजनाची.

सॅन होजेहून योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाला जायचं आहे, असं धरू. अंतर जेमतेम तीनशे किलोमीटर. तयारी मात्र पाच महिने आधी सुरू होते, कारण योसेमिटी व्हॅलीतल्या तळांचं आरक्षण साधारण पाच महिने आधी, महिन्याच्या १५ तारखेला सकाळी ७ वाजता उघडतं आणि उन्हाळ्यातल्या जागा काही मिनिटांत संपतात. दिवाळीच्या कोकण रेल्वेच्या तिकिटांची आठवण यावी अशी ही झुंबड असते. जागा घेताना ट्रेलरची लांबी सांगावी लागते. अप्पर पाइन्स या तळावर २४ फुटांपेक्षा लांब ट्रेलर चालत नाही. विजेची, पाण्याची किंवा सांडपाण्याची जोडणी योसेमिटीत कुठल्याच जागेवर मिळत नाही. दिवे ट्रेलरच्या बॅटरीवर. आवाज करणारा जनरेटर फक्त सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७ एवढ्याच वेळात लावता येतो. आजोबांना रात्री श्वासाचं यंत्र लागत असेल, तर ते बॅटरीवर किती तास चालतं हे घरीच पाहून ठेवावं लागतं.

हिशेब किलोंचा

मोटार विकणारा सांगतो, ही गाडी ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलो ओढते. ट्रेलरच्या कागदावर लिहिलेलं असतं, रिकामं वजन १,६०० किलो. मग काय, आरामात जाईल! इथेच चूक होते.

रिकाम्या ट्रेलरनं कोणी सहलीला जात नाही. पाण्याची १५० लिटरची टाकी भरली की १५० किलो वाढले. गॅसची दोन नळकांडी, बॅटरी, भांडी, अंथरुणं, खुर्च्या, मुलांच्या सायकली... १,६०० चे २,००० किलो कधी होतात ते कळत नाही. तरी २,२७० च्या आतच आहे की, असं वाटतं. पण ओढण्याची ताकद आणि अंगावर झेलण्याची ताकद या दोन निराळ्या गोष्टी. ट्रेलरचा पुढचा दांडा मोटारीच्या मागच्या हुकावर, म्हणजे 'हिच'वर टेकतो. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार त्या दांड्यावर यावा लागतो. २,००० किलोंचे १२ टक्के म्हणजे २४० किलो. हा सगळा भार मोटारीनं अंगावर घ्यायचा.

मोटारीच्या चालकाच्या दाराजवळ, चौकटीवर एक लहानसा कागद चिकटवलेला असतो. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, हे त्याच्यावर छापलेलं असतं. तीन रांगांच्या मोठ्या गाडीत ते समजा ६०० किलो आहे. आता बेरीज करू. दांड्याचा भार २४०. आई-बाबा १४०, आजी-आजोबा १३०, दोन मुलं ७०. झाले ५८०. खुद्द हिचचं लोखंडी सामान ३५ किलोंचं. एकूण ६१५! अजून एकही बॅग गाडीत गेलेली नाही, आजींच्या लाडवांचा डबासुद्धा नाही, आणि गाडी १५ किलोंनी जास्त भरलेली आहे.

मग कोणी शहाणपण सुचवतो, दांड्यावरचा भार कमी करू, जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला ठेवू. हा उपाय जिवावर बेतू शकतो. खेडेगावातल्या कुठल्याही गाडीवानाला याचं कारण माहीत आहे. बैलगाडीत ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. मोटारीमागचा ट्रेलर उलाळ झाला की तो वेगात डावी-उजवीकडे शेपटी हलवू लागतो. शेजारून मोठा ट्रक गेला, उतार लागला, की हे हेलकावे वाढत जातात आणि मोटारीलाच ओढून नेतात. अशा वेळी घाईनं ब्रेक दाबणं किंवा स्टिअरिंग उलटसुलट फिरवणं घातक. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढायचा, चाक सरळ धरायचं आणि ट्रेलरचे स्वतंत्र ब्रेक हातानं लावायचे. त्यासाठीचं बटण चालकाजवळ असतं. ते कुठे आहे हे आधी चाचपून ठेवलेलं बरं.

तेव्हा सामानाचा साधारण ६० टक्के भार चाकांच्या पुढच्या भागात, आणि जड वस्तू तळाशी. पाण्याची टाकी घरून जवळजवळ रिकामी न्यायची आणि मुक्कामाच्या जवळ भरायची. तरीही आकडा जुळत नसेल तर दोनच वाटा उरतात: लहान ट्रेलर घ्यायचा, नाहीतर दुसरी मोटार काढायची. पुष्कळ मराठी कुटुंबं म्हणूनच दोन घरं मिळून जातात. खरं वजन कळायला महामार्गावरच्या ट्रकतळांवर वजनकाटे असतात. भरलेली गाडी एकदा तिथे नेली, की घरातले वाद आपोआप मिटतात.

आजोबांची एक सूचना हमखास येते: "मी मागे पलंगावर आडवा होतो, तेवढीच गाडीत जागा होईल." कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे असा ट्रेलर ओढला जात असताना त्यात माणूस बसवता येत नाही. आणि हेलकाव्यांबद्दल एवढं वाचल्यावर कोणाला बसावंसंही वाटणार नाही.

पाणी, गॅस, टायर

ट्रेलर हिवाळाभर उभा राहिलेला असतो. पाण्याची टाकी आणि नळ्या आधी धुऊन घ्याव्या लागतात: दर ५५-६० लिटर पाण्यात घरगुती ब्लीच पाव कप, ते प्रत्येक नळातून वास येईपर्यंत सोडायचं, चार तास ठेवायचं, मग स्वच्छ पाण्यानं खळखळून काढायचं. गॅसची जोडणी तपासण्याची रीत आपल्या गृहिणींना नवी नाही. साबणाचा फेस सांध्यांवर लावायचा आणि बुडबुडे येतात का ते पाहायचं. रात्री थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी आत आणणं किंवा गॅसचे बर्नर पेटवून ऊब घेणं ही चूक कधीच करू नये. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो. छतावरचा धोक्याचा भोंगा बटण दाबून वाजतो की नाही, हे निघण्यापूर्वी पाहायचं.

टायरचं दुखणं वेगळंच. ट्रेलर चालतो थोडा, उन्हात उभा राहतो फार. नक्षी कोरी करकरीत दिसते, पण पाच-सहा वर्षांत रबर आतून कुजतं. टायरवर बनवल्याचा आठवडा आणि वर्ष चार अंकांत छापलेलं असतं, ते वाचायला शिकावं. चाकाचे नट निघताना आवळायचे आणि पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

सराव एखाद्या रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या पटांगणावर. पुढे जाणं सोपं. फक्त वळण मोठं घ्यायचं. मागे घेणं ही खरी परीक्षा, कारण स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरावा. हात जिकडे सरकेल तिकडे ट्रेलर जाईल. मागे उभं राहून खुणा करणारी व्यक्ती बहुधा पत्नी असते आणि अमेरिकेतल्या तळांवर संध्याकाळी ऐकू येणारे दांपत्यकलह बहुधा याच कामातून उद्‌भवतात. "इकडे, इकडे!" म्हणजे कुठे, हे आधी ठरवलेलं असलं की बरंच भागतं. आरशात खुणा करणारा दिसेनासा झाला की जागच्या जागी थांबायचं, हा नियम मात्र वादातीत.

फोडणी आणि अस्वल

स्वयंपाकाची तयारी घरच्या बायकांच्या हाती असते आणि ती कधी कमी पडत नाही. जास्त पडते! थालीपिठाची भाजणी, मेतकूट, दशम्या, कोरडी चटणी, खिचडीसाठी मोजून बांधलेल्या डाळ-तांदळाच्या पुड्या. प्रेशर कुकर न्यावाच. योसेमिटी व्हॅली चार हजार फुटांवर आहे, तिथे पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळतं आणि उघड्या पातेल्यातली डाळ लवकर शिजत नाही. फोडणी बाहेर करावी, नाहीतर हिंग-मोहरीचा वास पडद्यांत बसतो आणि भाड्याचा ट्रेलर परत देताना तोंड लपवावं लागतं.

बाहेरच्या फोडणीचा वास घेणारे दुसरेही असतात. योसेमिटीतली काळी अस्वलं खाण्यासाठी मोटारीचं दार वाकवतात. त्यामुळे अंधार पडल्यावर मोटारीत खाद्यपदार्थ ठेवायला मनाई आहे. ते तळावरच्या लोखंडी पेटीत ठेवायचे किंवा भक्कम भिंतींच्या ट्रेलरमध्ये, नजरेआड, खिडक्या-दारं बंद करून. टूथपेस्ट आणि साबणही अस्वलाच्या लेखी खाऊच. आजींच्या पर्समधली बडीशेप विसरू नये.

निघायच्या आदल्या दिवशी फ्रिज चालू करून गार करून ठेवायचा. सकाळी एकानं यादी वाचायची आणि दुसऱ्यानं त्या वस्तूला हात लावून "हो" म्हणायचं. कपलर बंद, खीळ घातली. सुरक्षेच्या दोन साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या अडकवल्या, म्हणजे सांधा सुटलाच तर दांडा रस्त्यावर न पडता साखळ्यांच्या झोळीत पडेल. दिवे, ब्रेक, इशारे. गॅस बंद, छताची झडप बंद, पायरी वर. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला ताशी ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटरची मर्यादा आहे. महामार्ग १२० वर घाट लागतो तेव्हा जुन्या प्रीस्ट ग्रेडचा खडा, जवळचा रस्ता सोडून नव्या, वळणावळणाच्या रस्त्यानं जायचं. उतरताना खालचा गिअर.

मुक्कामावर पोचल्यावर सगळ्यांना चहा हवा असतो. त्याआधी चाकांपुढे-मागे ठोकळे लावायचे आणि मगच ट्रेलर मोटारीपासून सोडायचा. हा क्रम उलटा झाला तर ट्रेलर उतारानं चालू लागतो. मग फळ्या घालून तो समपातळीत आणायचा. आजोबांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असेल तर हे काम जास्तच महत्त्वाचं, कारण गॅसवर चालणारा हा फ्रिज कलत्या जमिनीवर नीट गार होत नाही. उन्हाळ्यात व्हॅलीत शेकोटी संध्याकाळी ५ ते रात्री १० एवढीच चालते, दहानंतर शांतता.

परतीच्या दिवशी संडासाची टाकी ठरावीक जागीच रिकामी करायची असते. हातमोजे घालून, जाड नळी जोडून, आधी मैल्याची टाकी आणि नंतर आंघोळीच्या पाण्याची, म्हणजे नळी धुतली जाते. हे काम कोणाकडे, हे निघण्यापूर्वी ठरवलेलं बरं.

घरी आल्यावर सामान उतरवताना अनुभवी मंडळी आणखी एक काम करतात. पूर्ण सहलीत न उघडलेल्या पिशव्या बाजूला काढून न्हाणीघरातल्या वजनाच्या यंत्रावर ठेवतात आणि आकडा यादीच्या मागे लिहितात. पहिल्या सहलीनंतर तो बहुधा चाळीस-पन्नास किलोंच्या घरात असतो. त्यात स्वेटर असतात, पत्त्यांचे तीन जोड असतात, दुसरी कढई असते. लाडवांचा डबा त्यात कधीच नसतो.