देणारी सही, काढणारी सही

नेतृत्व आणि सुशासन यांवर राज्यपालांनी बोलावे, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. कधी ते दीक्षान्त समारंभात बोलतात, कधी निवृत्तीनंतर पुस्तक लिहितात. महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल श्रीप्रकाश यांनी १९६६ साली राज्यपालपदावरच स्वतंत्र इंग्रजी पुस्तक लिहिले. १९९३ ते २००२ अशी तब्बल नऊ वर्षे राजभवनात काढलेल्या पी. सी. अलेक्झांडर यांनीही आपल्या लेखनात सत्तेच्या दालनांचा हिशेब मांडला. अशा चिंतनात चारित्र्य, पक्षनिरपेक्षता, राज्यघटनेवरील निष्ठा हे शब्द हटकून येतात, आणि त्यांच्याशी भांडण करण्याचे कारण नाही. मात्र हे चिंतन बहुधा सरकार बनणे आणि पडणे या दोन टोकांभोवतीच घुटमळते. राज्यघटनेने ‘शांतता व सुशासन’ हे शब्द राज्यपालाच्या हाती थेट सोपवले ते वेगळ्याच ठिकाणी, पाचव्या अनुसूचीच्या पाचव्या परिच्छेदात. त्या परिच्छेदाचा अंमल मंत्रालयासमोरच्या रस्त्यावर चालत नाही. तो चालतो डहाणूच्या आणि तलासरीच्या पाड्यांवर. २०११च्या जनगणनेनुसार तलासरीत दर दहा माणसांत नऊ आदिवासी आहेत, डहाणूत जवळजवळ सात. १९८५च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. म्हणून राज्यपालाचे सुशासन जोखायचे तर ते बहुमताच्या मोजणीवरून नव्हे, येथील सातबाऱ्यावरून आणि वनपट्ट्यावरून जोखले पाहिजे.

हा अधिकार साधा नाही. संसदेचा किंवा विधिमंडळाचा कोणताही कायदा अनुसूचित क्षेत्रात लागू होणार नाही, किंवा अमुक फेरफारांसह लागू होईल, असे राज्यपाल एका जाहीर अधिसूचनेने ठरवू शकतात. दुसऱ्या उपपरिच्छेदाने त्यांना शांतता व सुशासनासाठी विनियम करता येतात. जमिनीचे हस्तांतरण आणि सावकारी यांचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. आता एक बारकावा पाहा, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. विनियम करायचा तर जनजाती सल्लागार परिषदेशी विचारविनिमय लागतो आणि राष्ट्रपतींची अनुमती लागते. अधिसूचनेला यातले काहीच लागत नाही. जो दरवाजा जड आहे त्याला दोन कड्या आणि जो हलका आहे त्याला एकही नाही, अशी ही रचना झाली. अलीकडच्या दशकात महाराष्ट्रात जे काही घडले ते बहुतेक या हलक्या दरवाजातून आत आले. ज्या हाताने दिले त्याच हाताने काढूनही घेता आले, याचे कारणही हेच.

ही रचना १९५० साली आकाशातून पडलेली नाही. १९३५च्या भारत सरकार कायद्याखाली डहाणू तालुका आणि उंबरगाव पेटा ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ होते; आजचा तलासरी तालुका त्या जुन्या उंबरगावाच्याच महाराष्ट्रात राहिलेल्या भागातून झाला. त्या कायद्याच्या ९२व्या कलमात प्रांताच्या गव्हर्नरला जवळपास हाच अधिकार होता, आणि शांतता व सुशासन हेच शब्दही होते. अधिकार होता आणि माहितीही होती. येथील आदिवासींची वेठबिगार आणि मारहाण यांची नोंद डी. सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याने त्याच दशकाच्या अखेरीस सरकारी अहवालात करून ठेवली होती. १९३९च्या नोव्हेंबरात काँग्रेसचे मंत्रिमंडळ बाहेर पडले आणि १९४६ पर्यंत मुंबई प्रांताचा सारा कारभार गव्हर्नरच्या एकहाती आला. सल्ला देणारे मंत्री नाहीत, विधिमंडळाची अडचण नाही, वगळलेल्या क्षेत्राचा खास अधिकार हाताशी आणि अहवाल कपाटात. राज्यपालाच्या स्वतंत्र विवेकाचे समर्थक ज्याची स्वप्ने पाहतात, ती आदर्श परिस्थिती हीच! तिच्यात काय घडले? वेठ थांबली ती गव्हर्नरच्या अधिसूचनेने नाही. १९४५च्या मे महिन्यात झरीला हजारो वारली आदिवासी जमले, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेचा झेंडा उभा राहिला आणि ‘वेठ करणार नाही’ हे शब्द माणसांच्या तोंडून निघाले, तेव्हा ती थांबू लागली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या राबणारे लग्नगडी मोकळे होऊ लागले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्यात जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण ठार झाले. तो गोळीबार झाला तेव्हा मुंबईत लोकनियुक्त मंत्रिमंडळ नव्हते, गव्हर्नरचेच राज्य होते. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा लढा लिहिला आणि १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. त्या शीर्षकात साहेब जागा होत नाही, माणूस होतो, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

घटना समितीसमोर हा इतिहास ताजा होता. पाचव्या अनुसूचीच्या मूळ मसुद्यात काही विषयांपुरता जनजाती सल्लागार परिषदेचा सल्ला राज्यपालावर बंधनकारक ठेवला होता. सप्टेंबर १९४९ मध्ये जो सुधारित मसुदा स्वीकारला गेला त्यात ते बंधन गेले आणि नुसता सल्ला उरला. परिषदेचे दात काढले जात आहेत, अशी समितीतील आदिवासी सदस्य जयपाल सिंग मुंडा यांची खंत होती. तीन चतुर्थांश आदिवासी आमदार असलेली परिषद राहिली, पण तिचे म्हणणे ऐकण्याची सक्ती राहिली नाही. महाराष्ट्रात तर तिचे अध्यक्षपदही मुख्यमंत्र्यांकडे असते. म्हणजे राज्यपालाला ज्या मंत्रिमंडळापासून स्वतंत्रपणे पाहायला सांगितले, त्याचाच प्रमुख त्याला आदिवासींच्या वतीने सल्ला देतो.

पुढची साठ वर्षे या अधिकाराच्या बाबतीत महाराष्ट्रात शांतताच अधिक होती, सुशासन कमी. १९९६ साली भुरिया समितीच्या शिफारशींवरून अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा झाला, तरी त्याचे नियम महाराष्ट्राला करता आले ते ४ मार्च २०१४ रोजी. मग मात्र राजभवनातून एकापाठोपाठ एक अधिसूचना निघाल्या आणि त्यांचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. के. शंकरनारायणन यांच्या कारकिर्दीत, ९ जून २०१४ रोजी, तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, परिचारिका यांसारखी पदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी राखली गेली. चे. विद्यासागर राव आल्यावर ३० ऑक्टोबर २०१४च्या अधिसूचनेने आदिवासी उपयोजनेचा किमान पाच टक्के निधी थेट अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना देण्याचे ठरले. आज पाड्यापाड्यांत ‘पेसाचा अबंध निधी’ म्हणून जो ओळखला जातो तो हाच. भगतसिंह कोश्यारी यांनी १८ मे २०२० रोजी वनहक्क कायद्यात फेरफार केला. जिल्हा समितीने दावा फेटाळला तर विभागीय समितीकडे अपील करण्याची वाट त्यामुळे उघडली. त्याच वर्षी सप्टेंबरात गावालगतच्या वनजमिनीवर घरे बांधू देणारा आणखी एक फेरफार त्यांनी केला. वर्षानुवर्षे वनजमिनीचा ‘प्लॉट’ कसणाऱ्या आणि दावा नामंजूर झाल्याचा कागद घेऊन तालुक्याला खेटे घालणाऱ्या वारली कुटुंबासाठी अपिलाची ही वाट म्हणजे मोठी गोष्ट. गंमत अशी की कोश्यारी हे नाव काढले की आठवतो तो २३ नोव्हेंबर २०१९चा पहाटेचा शपथविधी, नाहीतर ११ मे २०२३चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. बहुमत चाचणी बोलावण्याचा त्यांचा निर्णय त्या निकालाने अयोग्य ठरवला. वनहक्काची अपिले कोणाला आठवत नाहीत. आपल्या वर्तमानपत्रांचे नकाशे मलबार हिलपाशी संपतात.

आता याच कहाणीची दुसरी बाजू. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला देताना महसूल संहितेच्या कलम ३६-अखाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. जून २०१६ मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने त्या परवानगीआधी ग्रामसभेची मंजुरी आवश्यक केली. डहाणू-तलासरीसारख्या, महामार्ग आणि रेल्वेच्या काठावर असलेल्या तालुक्यांत या एका अटीचे मोल केवढे, हे सांगायला नको. दीड वर्षही झाले नव्हते तोच, नोव्हेंबर २०१७ मध्ये, महत्त्वाच्या सरकारी प्रकल्पांसाठी वाटाघाटीने जमीन घेताना ही मंजुरी लागणार नाही, अशी दुसरी अधिसूचना निघाली. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा ५०८ किलोमीटरचा मार्ग डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांतून जातो, आणि भूसंपादनाची घाई त्याच सुमारास सुरू होती. अट घालणारे राज्यपाल आणि अट उठवणारे राज्यपाल एकच, विद्यासागर राव. परिच्छेदही एकच. यात व्यक्तीचा दोष शोधत बसणे सोपे आहे, पण निरर्थक. ज्या अधिकाराला कोणाला विचारण्याचे, कारण सांगण्याचे बंधन नाही, तो सज्जनाच्या हातीही असाच वागतो. सरकारला रस्ता हवा असला की त्याची दिशा बदलते.

यावर पहिला आक्षेप कायद्याच्या जाणकारांकडून येईल. १९७४च्या शमशेर सिंग निकालापासून राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालतात हे ठरलेले आहे. तेव्हा या सह्या मुळात सरकारच्या आहेत, राज्यपालांना श्रेयही नको आणि दोषही नको. हे खरे मानले, तर अडचण वाढते. २८८ जणांच्या विधानसभेत अनुसूचित जमातींच्या राखीव जागा २५. ज्या बहुमतापासून संरक्षण द्यायचे म्हणून पाचवी अनुसूची लिहिली, तिची किल्ली त्याच बहुमताच्या खिशात द्यायची, असा याचा अर्थ होतो. उलट बाजूचा आक्षेपही तितकाच खरा आहे. न निवडलेल्या, दिल्लीहून नेमलेल्या माणसाच्या विवेकावर वारल्यांचे भवितव्य कशाला सोपवायचे? १९४५ने या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले आहे: सोपवू नयेच. दोन्ही आक्षेप एकाच जागी येऊन मिळतात. सही मंत्रिमंडळाची असो वा राज्यपालांची, तिच्याखाली ग्रामसभेचा होकार असल्याशिवाय तिला सुशासन म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप न्यायालयाने उभा केला आहे. चेब्रोलू लीला प्रसाद राव खटल्यात २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने आंध्रातील अनुसूचित क्षेत्रात शिक्षकांची शंभर टक्के पदे स्थानिक आदिवासींसाठी राखणारा राज्यपालांचा आदेश रद्द केला. पाचव्या परिच्छेदाचा अधिकार मूलभूत हक्कांच्या वर नाही, असे सांगितले. त्याचे पडसाद महाराष्ट्रात उमटले. २०१४च्या अधिसूचनेखालची पेसा भरती न्यायालयीन वादात अडकली, निवड झालेले तरुण नेमणुकीची वाट पाहत बसले आणि ४ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी याही प्रश्नासाठी मंत्रालयातील जाळीवर उडी घेतली. उपाध्यक्षाला जाळीवर उतरावे लागते, तेव्हा सल्लागार परिषदेचे काम कसे चालते हे वेगळे विचारायला नको. निकालाशी असहमत होता येईल. वारली बोलणाऱ्या पहिलीच्या पोराला त्याची बोली समजणारा गुरुजी हवा, ही मागणी जातीय हट्ट नाही, ती शिकवण्याची प्राथमिक गरज आहे. पण एवढ्या मोठ्या निर्णयामागची कारणे गावोगावच्या ठरावांनी आणि आकड्यांनी आधीच नोंदलेली असती, तर न्यायालयात ती पायाभूत पुरावा म्हणून उभी राहिली असती. नुसत्या सहीला न्यायालयात एकटेच उभे राहावे लागते.

तिसरा आक्षेप विकासवाल्यांचा आहे: प्रत्येक पाड्याला विचारत बसलो तर रेल्वे कधी होणार आणि बंदर कधी? याचे उत्तर डहाणूनेच देऊन ठेवले आहे. १९९१ साली हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आले, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी दोन दशकांहून अधिक काळ ते सांभाळले. राजभवनाकडून जे मिळाले नाही ते तालुक्याला न्यायालयाकडून मिळाले. त्याच प्राधिकरणाने १९९८ साली तालुक्याच्या किनाऱ्यावरील वाढवण बंदराला नकार दिला. धर्माधिकारी २०१९ मध्ये गेले. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने त्याच जागेवरच्या बंदराला होकार दिला आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाची पायाभरणी झाली. बंदर हवे की नको यावर डहाणूतही दोन मते असतील. पण वरून दिलेले संरक्षण माणूस बदलला की कसे पलटते, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. आणि विचारण्यात वेळ जातो म्हणावे, तर न विचारता घेतलेली जमीन मोर्चे, खटले आणि अडवलेल्या मोजण्या यांत किती वर्षे खाते, हे बुलेट ट्रेनच्या वेळापत्रकाला विचारावे.

हे सारे सुधारायला घटनादुरुस्तीच लागते असे नाही. अधिसूचनेआधी संबंधित ग्रामसभांचे ठराव मागवायचे आणि कारणे राजपत्रात छापायची, हा संकेत राज्यपाल स्वतः पाडू शकतात. राजभवनात आदिवासी कक्ष आहे, त्याला हे काम जड नाही. पेसा नियमांनी एकेका पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होण्याची सोयही दिली आहे, म्हणजे विचारायचे कोणाला हा प्रश्नही सुटलेला आहे. संकेत पुढचा राज्यपाल मोडू शकेल, हे मान्य. पण चारचौघांत पाडलेला संकेत मोडताना निदान कारण तरी द्यावे लागते.

एक गोष्ट तर उद्याच करता येईल. पाचव्या अनुसूचीच्या तिसऱ्या परिच्छेदानुसार राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्रांच्या कारभाराचा वार्षिक अहवाल राष्ट्रपतींना द्यायचा असतो. हे अहवाल वेळेवर जात नाहीत, ही तक्रार जुनी आहे. तो विधिमंडळापुढे ठेवण्याची सक्ती त्या परिच्छेदात नाही, ज्यांच्याविषयी तो लिहिला त्यांना दाखवण्याचीही नाही. राज्यपाल महोदय, पुढचा अहवाल दिल्लीला पाठवण्याआधी मराठीत तलासरी आणि डहाणूच्या पंचायत समित्यांच्या फलकावर लावा, आणि गावांनी त्यावर जे लिहून दिले ते सोबत जोडूनच पुढे पाठवा.