मानवी हृदयाची रचना

मानवी हृदय हा छातीच्या पोकळीत दोन फुप्फुसांच्या मध्ये असलेला पोकळ, स्नायुमय अवयव आहे. त्याच्या लयबद्ध आकुंचन-प्रसरणामुळे रक्त शरीरभर फिरते. हृदयाची रचना म्हटली की चार कप्पे आणि चार झडपा यांचे वर्णन प्रथम येते. तथापि हृदय नेमके कोठे आहे, त्याभोवती कोणते आवरण आहे आणि त्याला लागून कोणते अवयव आहेत, हे समजल्याशिवाय हृदयविकारांची अनेक लक्षणे व त्यांवरील उपचार यांचा उलगडा होत नाही. म्हणून या लेखात हृदयाबरोबरच त्याच्या परिसराचेही वर्णन केले आहे.

संज्ञा

मराठी बोलीत ‘काळीज’ हा शब्द हृदय आणि यकृत अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. शारीरविज्ञानात हे दोन अवयव सर्वस्वी वेगळे आहेत : हृदय मध्यपटलाच्या वर छातीत असते, तर यकृत मध्यपटलाखाली उदरात असते. हृदयाच्या कप्प्यांना अलिंद व निलय किंवा कर्णिका व जवनिका असे म्हणतात. हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्यांना रोहिणी अथवा धमनी आणि हृदयाकडे रक्त आणणाऱ्या वाहिन्यांना नीला अथवा शिरा या संज्ञा आहेत. या लेखात अलिंद, निलय, रोहिणी व नीला हे शब्द योजले आहेत.

स्थान, आकार व आकारमान

हृदय छातीच्या डाव्या बाजूला असते, हा सर्वसाधारण समज अंशतःच खरा आहे. ते छातीच्या मध्यभागी, पुढील उरोस्थी आणि मागील पाठीचा कणा यांच्या दरम्यान तिरके बसलेले असते. त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग शरीराच्या मध्यरेषेच्या डावीकडे व एक-तृतीयांश भाग उजवीकडे असतो. पाठीच्या बाजूने पाहिल्यास ते साधारणपणे पाचव्या ते आठव्या वक्षीय मणक्यांसमोर येते.

हृदयाचा आकार बोथट शंकूसारखा असतो. त्याचे टोक, म्हणजे हृदयाग्र, खाली, पुढे व डावीकडे वळलेले असते. रुंद तळ मागे व वर उजवीकडे असतो. हृदयाग्राचा ठोका डाव्या बाजूच्या पाचव्या व सहाव्या बरगड्यांमधील जागेत, मध्यरेषेपासून सुमारे 9 सेंमी. अंतरावर हाताला लागतो. ठोका या ठिकाणी जाणवत असल्यामुळेच हृदय डावीकडे असल्याची समजूत रूढ झाली आहे. प्रौढ व्यक्तीचे हृदय सुमारे 12 सेंमी. लांब व 8 ते 9 सेंमी. रुंद असून त्याचे वजन सर्वसाधारणपणे 250 ते 350 ग्रॅम भरते. क्वचित काही व्यक्तींमध्ये जन्मतःच हृदयाग्र उजवीकडे वळलेले आढळते.

हृदयावरण

हृदय एका दुहेरी पिशवीत असते. तिला हृदयावरण म्हणतात. बाहेरील पिशवी चिवट तंतुमय ऊतकाची असते. ती खाली मध्यपटलाच्या मधल्या कंडरेशी घट्ट जोडलेली, पुढे उरोस्थीला बंधांनी बांधलेली आणि वर मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींशी एकजीव झालेली असते. त्यामुळे हृदय आपली जागा सोडत नाही. मात्र श्वासाबरोबर मध्यपटल खालीवर होते, तेव्हा हृदयही थोडे हलते. आतील पातळ पटलाचे दोन थर असतात. त्यांपैकी एक तंतुमय पिशवीला आतून व दुसरा हृदयाला बाहेरून चिकटलेला असतो. या दोन थरांमधील थोडासा द्रव वंगणासारखा उपयोगी पडतो व हृदय घर्षणाशिवाय हलू शकते.

बाहेरील पिशवी सहजासहजी ताणली जात नाही. हृदयाचे अकस्मात होणारे अतिप्रसरण ती रोखते; परंतु जखमेमुळे तिच्यात वेगाने रक्त साठले, तर हाच गुण घातक ठरतो. पिशवी फुगत नसल्याने दाब हृदयावर येतो, कप्प्यांत रक्त भरू शकत नाही आणि रक्तदाब झपाट्याने घसरतो. अशा वेळी सुईने द्रव काढून घेणे हा तातडीचा उपचार असतो. द्रव हळूहळू साठल्यास आवरण क्रमाक्रमाने सैल होते आणि बराच द्रव सामावला जातो. भारतात अशा द्रवसंचयाचे क्षयरोग हे एक महत्त्वाचे कारण आहे.

भिंत

हृदयाच्या भिंतीत तीन थर असतात. बाहेरचा थर म्हणजे हृदयावरणाचे आतील पटल होय. त्याखाली चरबी व हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या असतात. मधला जाड थर हृदयस्नायूचा असतो. हा स्नायू हातापायांच्या स्नायूंप्रमाणे पट्टेदार असला, तरी तो इच्छेच्या अधीन नसतो. सर्वांत आतील गुळगुळीत अस्तर कप्प्यांना व झडपांना आच्छादते.

अलिंदे व निलये यांच्या सीमेवर दाट तंतुमय कड्यांचा सांगाडा असतो. झडपा या कड्यांना जोडलेल्या असतात. वरच्या कप्प्यांतील विद्युत् संवेग खाली थेट पसरू न देण्याचे कामही हा सांगाडा करतो.

कप्पे

उजवे अलिंद : ऊर्ध्व महानीला डोके, हात व छातीकडील, तर अधो महानीला शरीराच्या खालच्या भागातील ऑक्सिजन कमी असलेले रक्त येथे आणून सोडते. हृदयाच्या भिंतीतून परतणारे बहुतेक रक्तही याच कप्प्यात येते. दोन अलिंदांमधील पडद्यावर एक उथळ, अंडाकृती खळगा असतो. गर्भावस्थेत त्या जागी छिद्र असते व त्यातून रक्त फुप्फुसांना वगळून डावीकडे जाते. जन्मानंतर ते बहुधा मिटते.

उजवे निलय : हा कप्पा हृदयाच्या पुढील पृष्ठभागाचा बराचसा भाग व्यापतो व उरोस्थीच्या लगेच मागे असतो. तो फुप्फुस रोहिणीवाटे रक्त फुप्फुसांकडे पाठवितो.

डावे अलिंद : हा सर्वांत मागचा कप्पा आहे. सामान्यतः चार फुप्फुस नीला ऑक्सिजनयुक्त रक्त येथे आणतात.

डावे निलय : हृदयाग्र याच कप्प्याचे असते. याला संपूर्ण शरीराकडे रक्त ढकलायचे असल्याने याची भिंत उजव्या निलयाच्या भिंतीच्या सुमारे तिप्पट जाड असते. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ व्यक्तीचे डावे निलय प्रत्येक ठोक्याला सुमारे 70 मिलि. म्हणजे मिनिटाला जवळजवळ 5 लिटर रक्त महारोहिणीत सोडते. उजवे निलयही तेवढेच रक्त फुप्फुसांकडे पाठविते. फरक रक्ताच्या प्रमाणात नसून दाबात असतो.

झडपा

उजव्या अलिंद-निलयांमध्ये त्रिदल झडप व डाव्या अलिंद-निलयांमध्ये द्विदल झडप असते. तिला मिट्रल झडप असेही म्हणतात. या झडपांच्या पाकळ्या बारीक, चिवट दोऱ्यांनी निलयाच्या भिंतीवरील स्नायूंच्या उंचवट्यांना बांधलेल्या असतात. निलय आकुंचन पावताना हे स्नायूही आवळले जातात व पाकळ्या अलिंदात उलटत नाहीत. फुप्फुस रोहिणी व महारोहिणी यांच्या मुखाशी तीन-तीन अर्धचंद्राकृती पाकळ्यांच्या झडपा असतात. त्यांना दोऱ्या नसतात.

स्टेथोस्कोपने ऐकू येणाऱ्या ‘लब’ व ‘डब’ या ध्वनींपैकी पहिला अलिंद-निलयांमधील झडपा मिटताना व दुसरा अर्धचंद्राकृती झडपा मिटताना उत्पन्न होतो.

स्ट्रेप्टोकोकस जीवाणूंमुळे घसा सुजल्यावर त्याचे नीट उपचार झाले नाहीत, तर काही मुलांना ऱ्हूमॅटिक ज्वर येतो. त्यात झडपांना इजा होते. द्विदल झडपेला ती सर्वाधिक आढळते. पाकळ्या जाड होऊन एकमेकींना चिकटल्या की झडपेचे मुख अरुंद होते.

हृदयाचा स्वतःचा रक्तपुरवठा

कप्प्यांतून सतत रक्त वाहत असले, तरी हृदयाच्या जाड भिंतीचे पोषण त्यातून होत नाही. महारोहिणीच्या उगमापाशीच उजवी व डावी अशा दोन हृद्रोहिणी निघतात. डावीची एक शाखा दोन निलयांमधील खाचेतून पुढच्या बाजूने हृदयाग्राकडे उतरते आणि दुसरी डावीकडून मागे वळते. उजवी हृद्रोहिणी उजव्या बाजूने वळून बहुसंख्य व्यक्तींमध्ये हृदयाच्या मागील-खालील भागापर्यंत पोहोचते. आकुंचनाच्या वेळी भिंतीतील वाहिन्या दाबल्या जातात. म्हणून डाव्या निलयाला बहुतेक रक्त प्रसरणाच्या काळात मिळते. हृद्रोहिणीची एखादी शाखा अकस्मात बंद झाल्यास त्या क्षेत्रातील स्नायू मरू लागतो. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात.

वहन यंत्रणा

ऊर्ध्व महानीला जेथे उजव्या अलिंदास मिळते, तेथे भिंतीत विशिष्ट पेशींचा एक लहान समूह असतो. या कोटर-अलिंद गाठीतून मिनिटाला साधारणतः 60 ते 100 संवेग निघतात. ते अलिंदांतून पसरून अलिंद-निलय गाठीत किंचित थबकतात. या विलंबामुळे निलये आवळण्यापूर्वी अलिंदांतील रक्त त्यांत उतरते. तेथून तंतूंचा एक जुडगा तंतुमय सांगाडा भेदून खाली जातो व दोन निलयांमधील पडद्यातून डाव्या-उजव्या शाखांनी पसरतो. कोटर-अलिंद गाठीचे वर्णन आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांनी 1907 मध्ये प्रसिद्ध केले. तंत्रिका ठोक्यांचा वेग कमी-अधिक करतात. मात्र ठोका हृदयातच उत्पन्न होतो.

शेजारचे अवयव

हृदयाच्या दोन्ही बाजूंना फुप्फुसे असतात. डाव्या फुप्फुसाच्या कडेला हृदयासाठी खोबण असते. हृदयावरणाच्या डाव्या व उजव्या कडेने मध्यपटलाकडे जाणाऱ्या तंत्रिका उतरतात. त्यांचा उगम मानेत असल्याने हृदयावरणाला सूज आल्यास वेदना खांद्याच्या वरच्या भागात जाणवू शकते. ही वेदना बहुधा उताणे झोपल्यावर वाढते व पुढे वाकून बसल्यावर कमी होते.

डाव्या अलिंदाच्या लगेच मागे अन्ननलिका असते. द्विदल झडप अरुंद होऊन अलिंद फार फुगले, तर अन्ननलिकेवर दाब येऊन गिळताना अडथळा होऊ शकतो. याच सान्निध्याचा निदानासाठीही उपयोग होतो : अन्ननलिकेत ध्वनितरंगांची नळी उतरवून डावे अलिंद व द्विदल झडप अगदी जवळून पाहता येतात. स्वरयंत्राकडे जाणारी डावी तंत्रिका महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घेऊन वर जाते. त्यामुळे घशात कोणताही दोष नसताना, छातीतील मोठ्या वाहिन्यांच्या फुगवट्यामुळे आवाज घोगरा झाल्याची उदाहरणे आहेत.

हृदयाचा खालचा पृष्ठभाग मध्यपटलावर टेकलेला असतो आणि त्याखाली यकृत व जठर असतात. हृदयाच्या या खालच्या भागाचा रक्तपुरवठा तुटल्यास वेदना पोटाच्या वरच्या भागात, मळमळीसह जाणवू शकते आणि ती पित्त किंवा गॅस समजून दुर्लक्षिली जाते. हृदयाकडील वेदनेचे संवेग मेरुरज्जूच्या ज्या भागात पोहोचतात, तेथेच छाती व हाताच्या आतील बाजूचे संवेगही येतात. म्हणून हृदयाची वेदना डाव्या हातात, कधी दोन्ही हातांत, मानेत किंवा जबड्यात जाणवते.

अभ्यासाचा इतिहास व प्रत्यारोपण

सुश्रुतसंहितेत हृदयाला खाली तोंड असलेल्या कमळाच्या कळीची उपमा दिली आहे. विल्यम हार्वे यांनी 1628 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रक्ताभिसरणाचे सप्रयोग विवेचन केले.

जगातील पहिले मानव-ते-मानव हृदय प्रत्यारोपण 3 डिसेंबर 1967 रोजी दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केले. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, 16 फेब्रुवारी 1968 रोजी, मुंबईच्या परळ येथील राजे एडवर्ड स्मारक (केईएम) रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण केले. रुग्ण शस्त्रक्रियेनंतर काही तासच जगला. त्या काळी भारतात मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता नव्हती. ती 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मिळाली. त्याच वर्षी 3 ऑगस्टला दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले.

प्रत्यारोपणाची रूढ पद्धती हृदयाच्या रचनेवर बेतलेली आहे. नॉर्मन शमवे व रिचर्ड लोअर यांनी 1960 मध्ये मांडलेल्या पद्धतीत रुग्णाच्या अलिंदांच्या मागील भिंती जागेवरच ठेवतात. त्यामुळे चार फुप्फुस नीला व दोन महानीला वेगवेगळ्या जोडाव्या लागत नाहीत आणि दोन अलिंदे, महारोहिणी व फुप्फुस रोहिणी अशा चार जोडण्या पुरतात. दात्याच्या हृदयाच्या तंत्रिका तुटलेल्या असूनही ते स्वतःच्या कोटर-अलिंद गाठीच्या बळावर धडधडते.

हृदयाचे स्थान व छातीदाबन

हृदय अकस्मात बंद पडल्यास मेंदूला चार ते सहा मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडीसारख्या सह्याद्रीलगतच्या तालुक्यात वस्त्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या आहेत आणि जिल्ह्याचे मुख्य रुग्णालय कोल्हापूर शहरात आहे. अशा ठिकाणी 108 क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंतचा काळ जवळच्या माणसांच्याच हाती असतो. कोल्हापुरात ‘सीपीआर’ म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय असा अर्थ रूढ आहे. वैद्यकात त्याच अक्षरांनी हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाची क्रिया ओळखली जाते.

या क्रियेचा आधार हृदयाचे उरोस्थी व कणा यांमधील स्थान हाच आहे. उरोस्थी दाबल्याने हृदय कण्याकडे दाबले जाते, छातीतील दाबही वाढतो आणि रक्त पुढे ढकलले जाते; दाब सोडल्यावर कप्पे पुन्हा भरतात. म्हणून दाब डाव्या छातीवर न देता मध्यभागी, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर द्यावा लागतो. निश्चेष्ट पडलेल्या, नेहमीसारखा श्वास न घेणाऱ्या प्रौढ व्यक्तीला कठीण पृष्ठभागावर उताणे निजवून, एका तळहातावर दुसरा ठेवून, कोपर सरळ राखून मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंमी. खोल दाब देतात. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देतात आणि वैद्यकीय मदत पोहोचेपर्यंत ही क्रिया शक्यतो खंड न पाडता चालू ठेवतात.