पवनचक्कीच्या पोटातली थंडी

पावसाळ्यात पुण्याहून ठोसेघरची राइड मारली, की चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांसोबत सेल्फी ठरलेलाच. पुढच्या वेळी पात्यांमागच्या डब्याकडेही बघा. जनरेटर त्यात असतो आणि त्याचं सगळं वजन टॉवर पेलत असतो. चक्की जितकी मोठी, तितका हा डबा जड.

हे वजन कमी कसं करायचं? तांब्याच्या वाइंडिंगमधून जास्त करंट सोडला, की ते तापतं. मिक्सर जास्त वेळ चालवल्यावर येणारा वास आठवा! सुपरकंडक्टरचा रेझिस्टन्स मात्र ठरावीक तापमानाखाली शून्य होतो. त्यामुळे कमी जागेत तगडं मॅग्नेटिक फील्ड मिळतं आणि मशीन आटोपशीर होतं.

हे फक्त कागदावर नाही बरं का. अमेरिकेच्या नौदलासाठी बनवलेली 36.5 मेगावॉटची अशी मोटर 2009 मध्ये फुल पॉवरवर चालली. 'इकोस्विंग' प्रकल्पात 2018 मध्ये डेन्मार्कमधल्या 3.6 मेगावॉटच्या पवनचक्कीवर सुपरकंडक्टिंग जनरेटर चढला. त्याने ग्रिडला वीजही दिली.

मग अडतंय कुठे? थंडी सांभाळण्यात. एसी करंट वाहिला, की सुपरकंडक्टरमध्येही उष्णता तयार होते. म्हणून बऱ्याच डिझाइनमध्ये डीसीवरचा रोटर तेवढा सुपरकंडक्टिंग आणि स्टेटर नेहमीसारखा तांब्याचा. म्हणजे फिरणाऱ्या कॉइल उणे 240 अंशांच्या आसपास ठेवायच्या आणि शेजारीच गरम स्टेटर! मधे उष्णता अडवायला व्हॅक्यूम असतं. पण कॉइल आणि शाफ्ट यांना जोडणारा आधार तर हवाच. टॉर्क पेलायला तो जाड हवा, उष्णता आत येऊ नये म्हणून बारीक. खरी कसरत इथे आहे. त्यासाठी उष्णता कमी वाहून नेणारं फायबरग्लास कंपोझिट वापरतात. कारण आत शिरलेला एक वॉट बाहेर काढायला क्रायोकूलर त्याच्या कित्येक पट वीज खातो.

तेव्हा 'हे फिजिक्सवाल्यांचं काम' म्हणून मेकॅनिकलवाल्यांनो, हात झटकू नका. हीट कंडक्शनचा फुरिएचा नियम तुमच्याच सिलॅबसमध्ये आहे. पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉनचं मुख्यालयही आपल्या हडपसरलाच आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय सापडत नाहीये? एक नळी घ्या. एक टोक 30 अंशांवर, दुसरं उणे 240 वर. आत किती वॉट शिरतात ते काढा. मग तेवढाच टॉर्क पेलून तो आकडा निम्म्यावर आणून दाखवा.