श्वासाकडे लक्ष

प्रश्नपत्रिका हाती येण्यापूर्वी छाती धडधडू लागते, तळहातांना घाम सुटतो. बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर परीक्षेस बसणाऱ्या प्रौढाला हा अनुभव अपरिचित नसतो. संकट समोर आहे अशी मेंदूची समजूत झाली, की अ‍ॅड्रेनॅलिन हे संप्रेरक रक्तात मिसळते, हृदयाचे ठोके वाढतात आणि श्वास उथळ व जलद होतो. वाघासमोरून पळण्यास ही सिद्धता उपयोगी. प्रश्नपत्रिकेपुढे मात्र तिचा अडथळाच होतो.

हृदयाची गती इच्छेनुसार बदलता येत नाही, श्वासाची येते. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस या मज्जातंतूचा हृदयावरील प्रभाव वाढून ठोके किंचित मंदावतात. म्हणून श्वास सावकाश घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ व्यक्तीचे श्वसन मिनिटास साधारणतः १२ ते २० वेळा होते. ते काही मिनिटे ६ ते १० वर आणावे. चक्कर येऊ लागल्यास प्रयत्न सोडून द्यावा.

आनापानाची रीत निराळी आहे. इगतपुरी येथे १९७६ साली सुरू झालेल्या धम्मगिरी केंद्रातील दहा दिवसांच्या शिबिरात आरंभीचे तीन दिवस केवळ नैसर्गिक श्वासाचे निरीक्षण करावयाचे असते. तो लांबवायचा नाही, रोखायचा नाही. नाकपुड्यांशी होणारा त्याचा स्पर्श जाणायचा. मन भटकतेच. ते भटकल्याचे लक्षात आले, की न रागावता पुन्हा श्वासाकडे आणायचे. १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार कारागृहात हजाराहून अधिक बंदीजनांनी या साधनेचे शिबिर केले. बंद कोठडीतही श्वास सोबत असतोच!

चिंतेने कित्येक आठवडे झोप व भूक हरपली असेल, तर केवळ श्वासावर विसंबू नये, डॉक्टरांना भेटावे. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.