पाच–शून्यने हरलेला मुंबईकर आणि तुमची उधारीची वही

या आठवड्याच्या व्हिडिओत मी स्नूकरचं उदाहरण दिलं, तेव्हा हातखंब्याच्या बॅचमधल्या एका ताईंनी थेट विचारलं, "सर, आमच्याकडे घरोघरी कॅरम. हे स्नूकर कशाला मध्येच?" प्रश्न रास्त आहे. व्हिडिओत वेळ पुरला नाही, म्हणून इथे नीट सांगतो.

कॅरमपासूनच सुरुवात करू. राणी घेतली म्हणजे राणी तुमची झाली का? नाही. कव्हर लागतं. कव्हर नाही मिळालं तर राणी परत बोर्डावर. म्हणजे राणी मारतानाच पुढची सोंगटी कुठली घेणार, हे डोक्यात पाहिजे. स्नूकरमध्ये हाच हिशोब प्रत्येक फटक्याला करावा लागतो.

टेबल बारा फूट लांब, सहा फूट रुंद. १५ लाल बॉल, प्रत्येकी एक पॉइंट. शिवाय सहा रंगीत बॉल, पिवळ्याचे दोन पॉइंट ते काळ्याचे सात. आधी एक लाल पॉट करायचा, मग एक रंगीत, मग पुन्हा लाल. सगळं मारायचं ते एकाच पांढऱ्या बॉलने, आणि तोही जिथे थांबला असेल तिथूनच. कॅरमसारखा स्ट्रायकर उचलून सोयीच्या जागी ठेवता येत नाही. गंमत म्हणजे हा खेळ जन्मला आपल्याच देशात. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांनी तो सुरू केला असं सांगतात.

नवखा खेळाडू खिशाकडे बघतो. तयार खेळाडू बघतो की बॉल खिशात गेल्यावर पांढरा कुठे जाऊन थांबणार. पॉट झाला पण पांढरा बॉल भलत्याच कोपऱ्यात अडकला, तर तुम्ही एक पॉइंट कमावलात आणि बहुतेक वेळा पाळी गमावलीत.

आता त्या मॅचकडे येतो. ऑक्टोबर २०१३, दिल्ली. इंडियन ओपन. भारतात भरलेली ही पहिली जागतिक रँकिंग स्पर्धा. आपल्या मुंबईचा आदित्य मेहता त्यात खेळत होता. त्याच वर्षी कोलंबियातल्या काली शहरात झालेल्या वर्ल्ड गेम्समध्ये त्याने सुवर्णपदक घेतलं होतं, पण प्रोफेशनल टूरवर त्याला कोणी मोठ्यांत धरत नव्हतं. या स्पर्धेत त्याने पीटर एब्डनला हरवलं, मार्क विल्यम्सला हरवलं. दोघेही माजी विश्वविजेते, बरं का. उपांत्य फेरीत स्टीफन मॅग्वायरला ४–३ ने, म्हणजे अगदी शेवटच्या फ्रेममध्ये मात दिली. रँकिंग स्पर्धेच्या फायनलला पोचलेला तो पहिला भारतीय.

फायनलमध्ये समोर चीनचा डिंग जुनहुई. निकाल ५–०. आदित्यला एकही फ्रेम मिळाली नाही.

इथे "हरला तरी मनं जिंकली" वगैरे मी लिहिणार नाही. मला त्या ५–० मध्ये रस आहे, कारण या खेळात असा निकाल कसा लागतो हे धंदेवाल्याने समजून घेण्यासारखं आहे. क्रिकेटमध्ये समोरचा कितीही चांगला असला तरी तुमची बॅटिंग येतेच. स्नूकरमध्ये तशी खात्री नाही. समोरचा जोपर्यंत बॉल पॉट करतोय, तोपर्यंत तुम्ही खुर्चीत. क्यू हातात, चेहरा शांत, आणि करण्यासारखं काहीच नाही. डिंग हा पांढऱ्या बॉलवर ताबा ठेवणारा खेळाडू म्हणूनच ओळखला जातो. असा माणूस एकदा टेबलवर आला की पुढचा फटका सोपा, त्याच्या पुढचाही सोपा. बघणाऱ्याला वाटतं, यात काय एवढं! २०१५ ला ही स्पर्धा मुंबईत झाली, तिथेही वेल्सच्या मायकेल व्हाइटने रिकी वॉल्डनला फायनलमध्ये ५–० नेच हरवलं. वॉल्डन काही कच्चा खेळाडू नव्हता.

धंद्यात पॉट म्हणजे विक्री. पांढरा बॉल म्हणजे तुमचा रोख पैसा. विक्री झाल्यावर तो कुठे जाऊन थांबला, हे तुम्ही बघता का?

समजा, तुम्ही कोकम आगळ बनवता. बाटलीमागे खर्च ८० रुपये. मार्च संपता संपता एक मोठा हॉटेलवाला म्हणतो, २०० बाटल्या द्या, ११० चा भाव देतो, पैसे दोन महिन्यांनी. नफा ६,००० रुपये. आपण लगेच खूश. दुसरीकडे हातखंबा तिठ्यावरचा दुकानदार म्हणतो, मी १०५ च देणार, एका वेळी ५० च बाटल्या घेणार, पण पैसे हातावर. दर पंधरा दिवसांनी ५० बाटल्या, म्हणजे दोन महिन्यांत त्याच २०० बाटल्या. नफा ५,०००.

कागदावर हॉटेलवाला हजार रुपयांनी पुढे. पण कॅलेंडर बघा. रातांबे एप्रिल-मे मध्ये येतात. पाऊस लागला की खेळ खलास, मग पुढच्या वर्षीपर्यंत थांबा. हॉटेलच्या ऑर्डरीत तुमचे १६,००० रुपये नेमके त्याच दोन महिन्यांत अडकले. दुकानदाराकडे एका वेळी ४,००० च गुंततात, तेही लगेच सुटतात. उरलेल्या पैशांचे रातांबे घेता येतात. हजार रुपये जास्त मिळवण्याच्या नादात वर्षभराचा कच्चा माल हातचा गेला, तर सबंध पावसाळा तुम्ही खुर्चीत बसणार, आणि ज्याने रातांबे भरून ठेवले तो टेबलवर खेळणार.

मोठी ऑर्डर घेऊच नका असं मी म्हणत नाही. हीच ऑर्डर जूनमध्ये आली असती तर मी म्हणालो असतो, घ्या. प्रश्न पुढच्या फटक्याचा आहे.

आणि धड फटकाच नसेल तर? चांगला खेळाडू तिथे पॉटच्या मागे लागत नाही. तो पांढरा बॉल अशा जागी नेऊन ठेवतो की समोरच्यालाही काही मारता येऊ नये. याला सेफ्टी म्हणतात. टाळ्या पडत नाहीत, पण मॅचेस यावर फिरतात. तुमची सेफ्टी म्हणजे ऑर्डर घेण्याआधी बोललेल्या अटी. निम्मे पैसे ॲडव्हान्स मागा. नाही म्हणाला तर १०० च बाटल्या द्या. उद्यम नोंदणी केली नसेल तर करून घ्या, सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघुउद्योगाने माल दिला तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, आणि करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर व्याजही मागता येतं. गावातल्या गावात कायदा दाखवणं जड जातं, ते मला माहीत आहे. म्हणून निदान बिलावर "देय मुदत ४५ दिवस" एवढं छापून घ्या. वाद घालावा लागत नाही, बिल बोलतं.

डिंगचं पुढे काय झालं तेही सांगतो. दिल्लीच्या आधी तो शांघाय मास्टर्स जिंकून आला होता, दिल्लीनंतर लगेच इंटरनॅशनल चॅम्पियनशिप जिंकला. त्या एका सीझनमध्ये त्याने एकूण पाच रँकिंग स्पर्धा जिंकल्या आणि स्टीफन हेंड्रीच्या विक्रमाशी बरोबरी केली.

आता आज रात्री दुकान बंद केल्यावर वही काढा. प्रत्येक उधारीपुढे दोन तारखा लिहा. एक, पैसे कधी येणार. दुसरी, तुम्हाला माल भरायला पैसे कधी लागणार. जिथे पहिली तारीख दुसरीच्या नंतर येते, त्या नावावर लाल पेनाने गोल करा, आणि पहिला फोन उद्या सकाळी त्यालाच.