पुस्तक ऐकताना विचारायचा प्रश्न

बचत गटातल्या सगळ्याच जणींना वाचता येत नाही, आणि जिला येतं तिला सवड मिळत नाही. म्हणून पुस्तक कानावाटे आलं तर बरंच. इंटरनेटवरच्या रेडिओवर लेखिका आपल्या नव्या पुस्तकाबद्दल बोलतात. निवेदिका प्रश्न विचारते, लेखिका एखादा उतारा वाचून दाखवते, काही कार्यक्रमांत श्रोत्यांचे फोन आणि निरोपही घेतात.

सामुदायिक रेडिओचा आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत पोचतो. इंटरनेटवरच्या रेडिओला अशी हद्द नाही. नेटवर्क असलं की नवी मुंबईतल्या गप्पा माणदेशातही ऐकू येतात. बऱ्याच कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग मागाहूनही मिळतं, म्हणजे दुपारचं बोलणं रात्री भांडी आवरून ऐकता येतं. आकाशवाणीच्या वाहिन्याही आता ‘न्यूज ऑन एआयआर’ या ॲपवर लागतात.

गटाने ऐकायचं तर एक फोन पुरे. तो रिकाम्या पातेल्यात उभा ठेवा, आवाज मोठा येतो. दर दहा मिनिटांनी थांबवा आणि काय कळलं ते एकमेकींना सांगा. शेवटी लेखिकेला विचारायचा प्रश्न ठरवा. आम्ही एक प्रश्न नेहमी विचारावा असं म्हणतो: हे तुम्हाला कोणी सांगितलं, आणि तिचं नाव पुस्तकात आहे का?

हा प्रश्न का, ते आमच्या भागावरून सांगतो. नवी मुंबई वसवण्यासाठी 1970 साली सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनी या शहरासाठी ठरल्या. शेती गेली, मिठागरं गेली, पण आगरी-कोळ्यांच्या लग्नातले धवले टिकले. धवलारीण गाते आणि लग्नाचे विधी पुढे सरकतात. तिने ते पुस्तकातून पाठ केलेले नसतात. आई, सासू, आत्या यांच्या मागे बसून ती शिकते. उद्या कुणी धवल्यांवर पुस्तक लिहिलं आणि रेडिओवर त्याची चर्चा झाली, तर नाव लिहिणारीचं होईल. गाणारीचं काय?

इथे कायद्याची थोडी माहिती हवी. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं गाणं एकीच्या मालकीचं नसतं. पण गाणारी बाई कायद्याने कलावंत आहे. तिचं गाणं रेकॉर्ड करायचं आणि लोकांना ऐकवायचं तर आधी तिची संमती घ्यावी लागते. 2012 सालच्या दुरुस्तीने आपलं नाव लावलं जावं असं म्हणण्याचा हक्कही कलावंताला मिळाला. हा हक्क तिच्या गाण्याचा, म्हणजे आवाजाचा. तिने सांगितलेले शब्द छापताना नाव द्यायचं की नाही, हे बरंचसं लिहिणारीच्या प्रामाणिकपणावर राहतं. म्हणून तर प्रश्न विचारायचा.

नाव देणं अवघड नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखावर जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यातल्या बऱ्याच आता ‘पारी’ या संकेतस्थळावर आहेत, आणि ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं आहे. इतक्या ओव्यांना हे जमतं, तर एका पुस्तकाला का जमू नये?

तुमच्या गावातही कुणी गाणी, म्हणी, औषधी पाल्याची माहिती विचारायला येईल. मोकळेपणाने सांगा, पण आधी विचारा: हे कुठे छापणार, कुठे ऐकवणार, नाव कसं लिहिणार? नाव आणि गाव कागदावर लिहून द्या. मग पुस्तक निघालं की रेडिओवर बोलायला लेखिकेसोबत सांगणारीलाही बोलवा असा निरोप पाठवा. लिहिणारीजवळ पुस्तक असेल, पण धवला कसा गायचा हे धवलारणीलाच विचारावं लागेल.